दुरुस्तीयोग्य नाही

शासकीय नस्तीतले काही शेरे इतके सरावाचे झालेले असतात की ते लिहिताना कोणाचाही हात अडखळत नाही. "दुरुस्तीयोग्य नाही" हा त्यांपैकीच एक. जीप, पंखा, हातपंप, सूक्ष्मदर्शक, जनित्र, संगणक अशा कोणत्याही वस्तूपुढे तो लिहिता येतो. शेरा पडला की वस्तू कोठीत जाते, यथावकाश समितीपुढे येते, समिती तिचे निर्लेखन करते आणि लिलावात ती भंगाराच्या भावाने वजनावर विकली जाते. या सगळ्या प्रवासात एक प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही. ही वस्तू दुरुस्त होणार नाही, हे कोणी ठरवले आणि कोणती तपासणी करून ठरवले?

डिसेंबर २०२४ मध्ये रायपूर येथे अशाच एका समितीचे काम माझ्याकडे आले. छत्तीसगढमध्ये निर्लेखनाला 'अपलेखन' म्हणतात. शब्द वेगळा असला तरी कागद तेच. यादीतील बहुतेक वस्तूंबद्दल वाद असण्याचे कारण नव्हते. मोडक्या खुर्च्या मोडक्याच होत्या. परंतु एका शासकीय निवासी शाळेकडून आलेल्या प्रस्तावात एक दुर्बीण होती. आठ इंच आरशाची, चांगल्या स्थितीतील परावर्ती दुर्बीण. तिच्यापुढे लिहिले होते, "मोटर फोकसर बंद, दुरुस्तीयोग्य नाही." सोबत पुरवठादाराचे पत्र होते की ते मॉडेल आता निघत नाही, संपूर्ण फोकसर बदलावा लागेल आणि त्यास सुमारे २२ हजार रुपये लागतील. शाळेकडे तेवढी तरतूद नव्हती, म्हणून संपूर्ण दुर्बीणच निकालात काढावी असे सुचवले होते.

प्रस्तावाच्या शेवटच्या परिच्छेदाने मात्र मी थांबलो. उपकरण "निष्काळजी हाताळणीमुळे" बिघडले असल्याने त्याची जबाबदारी प्रयोगशाळा परिचरावर निश्चित करून रक्कम त्याच्या वेतनातून वसूल करावी, अशी शिफारस तेथे होती. परिचराच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. वसुलीचा आदेश निघाला असता तर तो त्याच्या सेवापुस्तिकेत नोंदला गेला असता आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर पुढे सरकला असता. दोन ओळींच्या तांत्रिक निष्कर्षावर एका माणसाची अखेरची वर्षे टांगलेली होती, आणि त्या निष्कर्षाला आधार म्हणून एकही चाचणी नस्तीत नव्हती. मी प्रस्ताव परत न पाठवता दुर्बीणच पाहायला जायचे ठरवले.

येथे फोकसर म्हणजे काय ते सांगणे आवश्यक आहे. दुर्बिणीचा मुख्य आरसा दूरच्या ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूवर गोळा करतो. नेत्रिका त्या बिंदूपासून बरोबर योग्य अंतरावर असेल तरच प्रतिमा रेखीव दिसते. हे अंतर साधण्यासाठी नेत्रिका ज्या नळीत बसवतात ती नळी आतबाहेर सरकवण्याची जी यंत्रणा असते, तिला फोकसर म्हणतात. या दुर्बिणीचे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट होते. अशा दुर्बिणीत नळी योग्य जागेपासून मिलिमीटरच्या काही शतांशांनी सरकली तरी प्रतिमा मऊ पडू लागते. ही चूक साधारण एका केसाच्या जाडीइतकी आहे. हाताने चकती फिरवताना दुर्बीण हलते आणि दोनशेपट मोठा दिसणारा ग्रह दृष्टिक्षेत्रात थरथरत राहतो. रांगेत चाळीस मुली उभ्या असतील तर प्रत्येकीला ते थरथरणे थांबेपर्यंत थांबावे लागते. म्हणून नळीला छोटी मोटर जोडतात आणि हातातल्या बटणाने ती फिरवतात. मोटर जोडली की चकती मोटरच्या दातांत अडकलेली असते आणि हाताने फिरत नाही. म्हणजे मोटर बंद पडली की चांगली दुर्बीणही बंद पडते. तीन वर्षे तसेच झाले होते.

शाळेत गेल्यावर मी प्रथम "बंद" या शब्दाचा अर्थ विचारला. तीन माणसांनी तीन उत्तरे दिली. विज्ञान शिक्षक म्हणाले, मोटर जळली आहे. प्राचार्य म्हणाले, पुरवठादाराचे पत्र आहे ना. परिचर कोपऱ्यात उभा होता, त्याला कोणी विचारले नव्हते. मी विचारल्यावर तो म्हणाला की मोटर कधी फिरते, कधी नुसती थरथरते. आणि फिरली तरी नळी आत उतरते, बाहेर मात्र येत नाही. मग थोडे थांबून त्याने स्वतःहून सांगितले, "साहब, तेल तो मैंने ही डाला था।"

माझ्या मते दुरुस्तीचे निम्मे काम या उत्तराने झाले. पहिल्या दोघांनी निर्णय सांगितला होता, तिसऱ्याने लक्षण सांगितले होते. जळलेली मोटर कधी फिरते आणि कधी थरथरते असे होत नाही. आणि आत उतरणारी नळी बाहेर येत नसेल, तर त्याचा संबंध विजेशी कमी आणि वजनाशी अधिक असला पाहिजे, कारण त्या स्थितीत आत म्हणजे खाली आणि बाहेर म्हणजे वर. अर्थात येथे एक नव्हे, दोन बिघाड असण्याचा संभव होता.

पुढच्या रविवारी जयस्तंभ चौकाजवळ मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाला मी शाळेत बोलावले. दुर्बीण त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. पण त्याच्याजवळ मल्टिमीटर, डाग देण्याची कावीळ नसलेली स्वच्छ इस्त्री आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणीची शिस्त होती. त्याने यंत्रणा एका साखळीसारखी मांडली. भिंतीतली वीज, १२ व्होल्टचा अडॅप्टर, हातातला नियंत्रक, केबल, मोटर, मोटर व दांडा जोडणारा सांधा आणि शेवटी नळी. अशा सात कड्यांपैकी दोष कोठे आहे हे शोधताना एका टोकापासून सुरुवात करण्याऐवजी मध्यावर तपासावे, म्हणजे एका चाचणीत निम्म्या कड्या संशयमुक्त होतात, हे तो कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणत होता.

मध्य म्हणजे केबल आणि मोटर यांमधला जोड. त्याने तो सोडवला आणि मोटरच्या चार तारा तपासल्या. स्टेपर मोटरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात आणि त्यांना आळीपाळीने वीज मिळाली की मोटर एकेक पाऊल टाकीत फिरते. दोन्ही वेटोळ्यांचा रोध सारखा आला, म्हणजे मोटर निर्दोष होती. "मोटर जळली" हा तीन वर्षांचा निष्कर्ष तेथे दोन मिनिटांत संपला. अडॅप्टर भार असतानाही पुरते १२ व्होल्ट देत होता. मग केबल. मीटरच्या दोन्ही टोकांना ती लावून तो ती हळूहळू वाकवत गेला. प्लगपासून बोटभर अंतरावर वाकवताच चारपैकी एका तारेची जोडणी तुटत होती आणि सरळ केली की पुन्हा येत होती. वरचे आवरण शाबूत होते, आतले तांबे तुटले होते. दुर्बीण आकाशात एका बाजूकडून दुसरीकडे वळवताना केबल प्रत्येक वेळी त्याच जागी ताणली जात होती. एक तार तुटली की एक वेटोळे मृत होते आणि मोटर पुढे न जाता जागीच थरथरते. परिचराने सांगितलेले पहिले लक्षण हेच होते.

केबलचा तो भाग कापून नवा प्लग बसवला, तारांना डाग दिला आणि ताण पडू नये म्हणून केबलला दुर्बिणीच्या नळीवर एक आधार दिला. मोटर फिरू लागली. पण नेत्रिका लावून पाहिल्यावर नळी आत गेली आणि बाहेर येईना. दांडा फिरत होता, नळी जागच्या जागी. दुसरा बिघाड उघडा पडला.

हा फोकसर क्रेफर्ड पद्धतीचा होता. या रचनेत दाते नसतात. नळीच्या एका बाजूला चार छोटी बेअरिंगे असतात आणि समोरच्या बाजूने एक गुळगुळीत पोलादी दांडा नळीच्या सपाट पट्टीवर दाबून बसवलेला असतो. दांडा फिरला की केवळ घर्षणाने नळी सरकते. दाते नसल्याने त्यांच्यातली ढिलाई नाही आणि हालचाल अतिशय मुलायम. इंग्लंडमधील क्रेफर्ड येथील हौशी खगोल मंडळाचे सदस्य जॉन वॉल यांनी १९७० च्या सुमारास ही रचना केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. म्हणूनच ती जगभर पसरली आणि रायपूरच्या एका शाळेपर्यंत स्वस्तात पोहोचू शकली. जेथे सर्व काम घर्षणावर चालते तेथे तेल हे विष आहे. परिचराने शिलाई मशीनचे तेल नेमके त्या दांड्यावर सोडले होते.

त्याने ते का सोडले? मोटर अडखळू लागली म्हणून. त्याच्या घरचे शिलाई यंत्र, शाळेचे दरवाजे, पंखे, सायकल, सर्वत्र अडखळणाऱ्या वस्तूला तेल लागते हाच त्याचा अनुभव. दुर्बिणीची माहितीपुस्तिका प्राचार्यांच्या कपाटात कुलुपात होती आणि इंग्रजीत होती. परिचराला कोणतेही प्रशिक्षण दिल्याची नोंद नव्हती. त्याने केलेला उपाय चुकीचा होता, परंतु त्यात निष्काळजीपणा नव्हता. उलट उपकरणाची काळजी वाटणारा त्या शाळेतला तो एकटा माणूस होता. पहिला बिघाड तर रोजच्या वापराने झालेली झीज होती. कोणी कितीही जपून वापरले असते तरी केबल केव्हातरी तुटलीच असती.

पुढचे काम साधे होते. मोटर उतरवून दांडा आणि पट्टी मोबाइलचे बोर्ड पुसण्याच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीनदा पुसली. रायपूरच्या उन्हाळ्यात पातळ होऊन धूळ धरलेले आणि मग घट्ट झालेले काळे तेल फडक्यावर आले. दाबाचा स्क्रू थोडा थोडा घट्ट करीत, नेत्रिकेचे वजन नळी पेलू लागेल तेथे थांबलो. येथेही मोह आवरावा लागतो. स्क्रू अति आवळला तर पट्टीवर दांड्याचा खोलगट ठसा उमटतो आणि मोटरवर भार येतो. शेवटी मोटर व दांडा जोडणारा बारीक स्क्रू ॲलन कीने आवळला. एकूण खर्च ४०० रुपयांच्या आत. तो शाळेच्या किरकोळ खर्चातून रीतसर पावती घेऊन दिला.

या छोट्या प्रकरणाची जगातल्या एका फार मोठ्या प्रकरणाशी तुलना करण्याचा मोह होतो. २४ एप्रिल १९९० रोजी हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिच्या प्रतिमा रेखीव येईनात. दुय्यम आरसा पुढेमागे सरकवून फोकस साधण्याचा प्रयत्न झाला, पण कोणत्याही स्थितीत तो साधेना. तेव्हा लक्षात आले की दोष फोकसच्या यंत्रणेत नसून २.४ मीटरच्या मुख्य आरशाच्या आकारात आहे. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉनने अधिक सपाट घासला गेला होता. ल्यू ॲलन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने त्याच वर्षी कारण शोधले. आरसा तपासण्याच्या मुख्य उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. कमी अचूक समजल्या जाणाऱ्या इतर उपकरणांनी हा दोष आधीच दाखवला होता. पण मुख्य उपकरण चुकूच शकत नाही, असे धरून ती निरीक्षणे बाजूला सारली गेली.

प्रशासकाने या अहवालातून घ्यायचे ते हे की खालच्या पायरीवरून आलेली विसंगत माहिती गैरसोयीची असते, म्हणूनच ती नोंदवली पाहिजे. आमच्या शाळेत परिचराचे निरीक्षण असेच बाजूला पडले होते. हबलच्या कथेचा दुसरा भागही महत्त्वाचा आहे. ती दुर्बीण मुळातच अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्त करावी अशी बांधली होती. म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये एन्डेव्हर यानातून गेलेल्या चमूला तिच्यात दृष्टिदोष सुधारणारी उपकरणे बसवता आली. दुरुस्तीची सोय खरेदीच्या वेळीच पाहावी लागते. आपल्या निविदांत किंमत असते, हमीचा काळ असतो. पण सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि माहितीपुस्तिका स्थानिक भाषेत देणार का, या दोन ओळी क्वचितच असतात.

आपल्या महाराष्ट्रातले एक जुने उदाहरणही येथे आठवते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेच्या पूर्वावतारात, १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी तिला देणगी दिली होती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी ती चालवली. तेथील वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगामवालांनी जेऊर येथे निरीक्षण मोहीम नेली होती. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला पाठवण्यात आली. उपकरण होते, इमारत होती, पण ज्ञान एका माणसाजवळ होते आणि ते पुढे सोपवण्याची व्यवस्था नव्हती. शंभरहून अधिक वर्षांनंतर आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांतून हेच चित्र दिसते. एखाद्या उत्साही शिक्षकाची बदली होते आणि त्याच्या मागे कपाटाला कुलूप लागते.

या अनुभवावरून मी समितीच्या टिप्पणीत काही सूचना केल्या. त्या कोणत्याही कार्यालयाला लागू पडतील असे वाटल्याने येथे देतो.

एक, तक्रार नोंदवहीत निष्कर्ष न लिहिता लक्षण लिहावे. "मोटर जळली" असे न लिहिता "बटण दाबल्यावर मोटर थरथरते, फिरत नाही" असे लिहावे. निष्कर्ष काढणे हे पुढच्या माणसाचे काम आहे.

दोन, उपकरणावर कोणी काय उपाय केला हे तारखेनिशी लिहावे, आणि असे लिहिणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा होणार नाही याची हमी द्यावी. तेल घातल्याचे लपवले गेले असते तर आम्ही अर्धा दिवस अधिक शोधत बसलो असतो. ज्या कार्यालयात खरे सांगणारा वसुलीस पात्र ठरतो तेथे पुढच्या वेळी कोणी खरे सांगत नाही.

तीन, "दुरुस्तीयोग्य नाही" या शेऱ्याखाली कोणती तपासणी केली, कोणी केली आणि कोणता भाग सदोष आढळला हे तीन रकाने सक्तीचे असावेत. नवा माल विकणाऱ्याचे पत्र हा तपासणीचा पुरावा मानू नये, कारण त्याचा लाभ कशात आहे हे उघड आहे.

चार, जबाबदारी निश्चित करण्यापूर्वी कारण निश्चित करावे. वरवर ही क्रमाची बाब वाटते, पण तो न्यायाचा पाया आहे. झीज, अज्ञान आणि निष्काळजीपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींवर एकच उपाय करणे म्हणजे प्रत्येक अडखळणाऱ्या यंत्रात तेल ओतण्यासारखे आहे.

पाच, दुरुस्तीसाठी प्रत्येक शाळेच्या हाती छोटी, बिनशर्त रक्कम असावी. २२ हजारांच्या खरेदीची नस्ती कशी चालवायची हे सर्वांना ठाऊक असते. ४०० रुपयांच्या दुरुस्तीची वाट मात्र कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ती तीन वर्षे होत नाही.

समितीने दुर्बीण यादीतून वगळली आणि वसुलीची शिफारस अमान्य केली. शाळेने एक पानाची हिंदी सूचना तयार करून दुर्बिणीच्या पेटीत चिकटवली. दांड्याला तेल लावू नये, केबल आधारातून काढू नये, आणि फोकस साधताना शेवटची हालचाल नेहमी नळी वर उचलण्याच्या दिशेने करावी. या शेवटच्या सूचनेचे कारण असे की मोटरच्या आतील दातांत थोडी ढिलाई असतेच. दर वेळी एकाच दिशेने येऊन थांबले की ती ढिलाई एकाच बाजूला राहते आणि प्रतिमा घसरत नाही. ही सूचना परिचराने स्वतः मुलींना शिकवली.

१८ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर गरियाबंद आणि बस्तरकडच्या मुलींनी शुक्राच्या शेजारी शनी पाहिला. त्या वर्षी मार्चमध्ये शनीची कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसणार होती. त्यामुळे त्या संध्याकाळी ती ग्रहाच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या बारीक रेघेसारखी होती. इतकी बारीक रेघ फोकस किंचित चुकला तरी पुसली जाते. मग गुरू आणि त्याचे चार चंद्र, आणि दोनच दिवसांपूर्वी सूर्याच्या बरोबर समोर येऊन गेलेला तांबूस मंगळ. बटण परिचराच्या हातात होते.

आपल्या राज्यांतील भांडारे तपासली तर अशा किती वस्तू सापडतील, ज्यांच्यातली एक तार तुटलेली आहे आणि शेरा मात्र संपूर्ण यंत्रावर मारलेला आहे? निर्लेखनाच्या बैठका वर्षातून एकदोनदा होतात. त्यांच्या आधी एक दिवस मल्टिमीटर घेऊन बसणारा एखादा स्थानिक कारागीर प्रत्येक जिल्ह्यात बोलवावा, एवढा साधा निर्णय कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याला स्वतःच्या अधिकारात घेता येईल. त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही.